वीतभर कारंजं

मुलांनो, मांडी घालून बसा आणि मधेमधे प्रश्न विचारू नका. एका जंगलात एक अस्वल राहत होतं. जंगलाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर तिथली जनावरं उद्या माझ्या दाराशी येऊन पाठ करून बसतील, आणि तेवढी जागा माझ्या दाराशी नाही. पाठ करून बसणं म्हणजे काय, ते पुढे कळेल.

अस्वलाचं नाव केसोबा. स्वभावाने गरीब, अंगाने दांडगा. त्याच्या गुहेपुढे कातळात एक हौद होता. देवानेच खोदून ठेवला असावा असा. पावसाळ्यात तो भरायचा आणि जपून वापरला तर उन्हाळाभर पुरायचा. त्या हौदात रुपा नावाची एक मासोळी राहायची. एका पुरात ती वाहत आली, पूर ओसरला आणि ती हौदातच राहिली. पुढे तिला पिल्लं झाली.

अस्वल मासे खात नाही का, असं कोणीतरी विचारणार होतं. हात खाली करा. खातं. पण रुपाने पहिल्याच दिवशी केसोबाला भाऊ म्हणून हाक मारली होती. त्याला आजवर तशी हाक कोणी मारली नव्हती, त्यामुळे तिला खायचं त्याच्या मनातच येईना. तो आपला मध आणि वाळवीवर भागवायचा, आणि दुपारी हौदाच्या काठावर बसून रुपाशी गप्पा मारायचा.

एका वर्षी उन्हाळा फार कडक पडला. हौदातलं पाणी गरम झालं, हिरवं झालं, जागचं हलेना. पिल्लं वर येऊन तोंडं उघडायला लागली. रुपा म्हणाली, "भाऊ, पाणी निजलंय. पिल्लं गुदमरतात."

केसोबाने पंजाने पाणी ढवळलं. ढवळलं की पिल्लं खाली जायची. थांबलं की पुन्हा वर यायची. बिचारा सकाळपासून ढवळत बसला. पण अस्वलालाही पोट असतं. सगळा दिवस हौद ढवळण्यात गेला तर वाळवी काही चालत तोंडात येत नाही.

जंगलाच्या कडेला एक रिसॉर्ट होतं. कोणा हौशी माणसाने ते बांधलं होतं आणि गिऱ्हाईक येईना म्हणून सोडून दिलं होतं. केसोबा तिथे गेला. तिथल्या आटलेल्या टाक्यातून त्याने पाण्यात बुडवून चालवायचा एक लहान पंप काढला, नळीचा तुकडा काढला आणि छपरावरची सोलरची पाटी डोक्यावर घेऊन आला. अस्वलाला हे सगळं जोडता कसं आलं, असं विचारू नका. जंगलात सिंहाचा दरबार भरतो हे तुम्ही निमूट मान्य करता, मग एवढंही करा.

पंप हौदात ठेवला, नळीचं तोंड वर केलं, पाटी उन्हात धरली. पाणी जे उडालं ते थेट वडाच्या फांदीवर गेलं. तिथून गवतावर पडलं. हौदात थेंबही परत आला नाही. केसोबाने घाईघाईने पाटीवर स्वतःच आडवं होऊन सावली केली, तेव्हा पंप थांबला. तेवढ्या वेळात हौद बोटभर उतरला होता.

पाणी उडवणं सोपं होतं. आवरणं अवघड होतं. केसोबाने नळी दुमडून वेलीने बांधली, तर वेल सुटली आणि त्याचंच नाक धुऊन निघालं. मग त्याला वाटलं, पंप जिथून पाणी ओढतो तिथेच चिखल लिंपावा. पंप कण्हायला लागला, तापला, थरथरला. रुपा खालून ओरडली की हा मरेल. मग केसोबा पुन्हा रिसॉर्टवर गेला आणि नळावरचा एक कॉक पिळून घेऊन आला. तो त्याने पंपाच्या पुढे, नळीच्या मधोमध बसवला. ओढायला पाणी पोटभर, सोडायला हवं तेवढंच. नळीच्या तोंडावर त्याने नारळाची करवंटी बसवली आणि साळिंदराकडून एक काटा मागून आणून तिला भोकं पाडली.

कॉक जरासा उघडला. करवंटीतून पाणी वर आलं, वीतभर उडालं आणि गोल होऊन हौदातच पडलं. सगळंच्या सगळं. पडताना हवा घेऊन पडलं. पिल्लं खाली गेली आणि खालीच राहिली. थोड्या वेळाने ती त्या पडत्या पाण्याखाली खेळायला लागली.

"भाऊ, आता पुरे," रुपा म्हणाली. "एवढंच ठेवा. याच्यावर नको."

केसोबा त्या दिवशी पोटभर वाळवी खाऊन आला आणि कारंज्याचा आवाज ऐकत आडवा झाला. त्याला फार बरं वाटलं. मलाही हे सांगताना बरं वाटतं, म्हणून इथे मी जरा रेंगाळतो आहे. कारण पुढे पाहुणे येणार आहेत.

पहिला आला ससा. तो कारंजं बघून उड्या मारत गेला आणि त्याने जंगलभर सांगितलं. दुसऱ्या दिवशी रानडुकरीण मैनाक्का आल्या. मैनाक्कांचं घराणं मोठं, पोरवडा मोठा, आणि बोलणं त्याहून मोठं. त्या कारंज्यासमोर बसल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "काल ससा आला होता म्हणे."

"आला होता," केसोबा म्हणाला.

"तेव्हाही एवढंच उडत होतं?"

"एवढंच."

 मैनाक्का उठल्या, वळल्या आणि केसोबाच्या दाराकडे पाठ करून बसल्या.

आता ऐका. या जंगलात कोणी कोणाशी भांडत नसे. भांडण फार अडाणी समजलं जाई. कोणाचा मान राहिला नाही की तो तुमच्या दाराशी यायचा आणि पाठ करून बसायचा. येणारा जाणारा त्याला विचारायचा, काय झालं? तो म्हणायचा, काही नाही. हे 'काही नाही' संध्याकाळपर्यंत जंगलभर पोचायचं. मग यजमानाची पोरं उजवायची राहायची, त्याच्या घरचं पाणी कोणी पीत नसे, त्याचं नाव निघालं की लोक आभाळाकडे बघायचे. सिंहाच्या पंजापेक्षा जनावरं या पाठीला जास्त भीत. वाघाने धरलं तर एकदाच मरायचं असतं.

 केसोबाने कॉक थोडा फिरवला. पाणी सशाच्या कानांवरून रानडुकराच्या पाठीएवढं गेलं. मैनाक्कांनी मान वळवून पाहिलं आणि त्या समोर तोंड करून बसल्या. म्हणाल्या, कारंजं छानच आहे, आपल्याला तर काल सशाने सांगितलं तेव्हाच वाटलं होतं.

काही थेंब हौदाबाहेर पडत होते. केसोबाला ते दिसत होते. पण अक्का गेल्या की कमी करू, असा त्याने विचार केला. तसं त्याने केलंही. अक्का झुडपाआड गेल्या आणि त्याने कॉक पुन्हा वीतभरावर आणला.

झुडपाआडून अक्का परत आल्या. पोराचं काहीतरी राहिलं होतं. त्यांनी कारंज्याकडे पाहिलं, केसोबाकडे पाहिलं आणि त्या पुन्हा पाठ करून बसल्या. या वेळी पोरंही बसली. एवढाल्या पाठी रांगेने लागलेल्या बघून वाटेवरची जनावरं थांबायला लागली.

हे प्रकरण कोल्ह्याकडे गेलं. कोल्ह्याचं नाव विश्वासराव. दरबारात मानपानाचं खातं त्यांच्याकडे होतं. कोणी कोणाच्या पुढे चालायचं, कोणी आधी शिंकायचं, हे ते ठरवत. त्यांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या. मग ते म्हणाले की पाहुण्याच्या तोंडावर मान वाढवायचा आणि त्याची पाठ वळताच उतरवायचा, हे आपल्या संस्कृतीत बसत नाही. दिलेला मान परत घेता येत नाही. तेव्हा यापुढे केसोबाने कॉक वर करावा, त्याला आडकाठी नाही. खाली मात्र करू नये.

"पण पाणी बाहेर जातं," केसोबा म्हणाला.

"मान कधी बाहेर जात नाही," विश्वासराव म्हणाले, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. याचा अर्थ काय, हे कोणालाच कळलं नाही. पण वाक्य चांगलं होतं.

झालं. दुसऱ्या दिवशी सांबर दौलतराव आले. रानडुकराच्या पाठीएवढं पाणी सांबराला कसं चालेल? कॉक फिरला, पाणी शिंगांएवढं झालं. मग ससा पुन्हा आला. त्याला वीतभर चाललं असतं, पण आता त्यालाही शिंगांएवढंच मिळालं. हे दौलतरावांना कळलं. सशाला आणि आपल्याला एकच माप, म्हणून ते परत आले आणि त्यांच्यासाठी अजून थोडं वर गेलं. मग रानगवा आला. मग माकडं आली, ती तर झाडावरच बसली. झाडावर बसलेल्याच्या मानाएवढं पाणी न्यायचं म्हणजे काय, ते तुम्हीच ठरवा.

रोज गवत भिजत होतं. हौदाभोवती चिखल झाला, चिखलात हिरवळ उगवली, हिरवळ खायला आणखी पाहुणे यायला लागले. आणि हौदात पाणी उतरत होतं. ऊन कललं की सोलरची पाटी आपोआप गप्प व्हायची, पंप थांबायचा. तेवढाच हौदाला विसावा. तेव्हा केसोबा काठावर ओणवा व्हायचा. रुपा आता त्याला पूर्वीपेक्षा खोल दिसायची.

"भाऊ, कॉक जरा खाली करा ना," ती म्हणायची.

तो म्हणायचा, पाहुणे ओसरू देत. लग्नसराई चालू आहे, ती संपली की कोण येतंय? ती ऐकून घ्यायची. एकदा तिने विचारलं की भाऊ, हे कारंजं तुम्ही कोणासाठी केलं होतं?  केसोबा उठून वाळवी शोधायला गेला आणि वारुळापाशी नुसताच बसून राहिला. त्याला तिचं म्हणणं पटत होतं. तिच्यावर त्याची मायाही खरी होती. पण डोळे मिटले की त्याला त्याच्या दाराशी पाठीच पाठी दिसायच्या. मला या अस्वलाची कीव येते आणि रागही येतो. राग थोडा जास्त येतो.

कोणीतरी सुचवलं म्हणून बगळ्याला बोलावण्यात आलं. पाण्यातलं त्याला कळतं, असा त्याचा लौकिक होता. बगळ्याने एका पायावर उभं राहून हौद पाहिला. पिल्लांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग त्याने मत दिलं की पाणी कमी झालेलं नाही, मासोळ्यांची पाण्याची अपेक्षा वाढलेली आहे. त्यांना थोड्या पाण्यात राहायची सवय लावावी. जसजसं पाणी उतरेल तसतशा त्या तयार होतील, आणि अगदीच कोणी मागे राहिलं तर ते बगळा स्वतः पाहून घेईल. विश्वासरावांनी त्याचे आभार मानले.

शेवटी रुपाने एक दिवस केसोबाला जवळ बोलावलं. पाणी एवढं उतरलं होतं की तिची पाठ उघडी पडत होती. ती म्हणाली, "भाऊ, तुम्हाला पाठींची भीती वाटते. मग सिंहमहाराजांकडे जा. ते म्हणाले खाली करा, तर कोण रुसणार आहे?"

केसोबाला हे एकदम पटलं. हुकूमच आणला तर आपल्याकडे वाईटपणा येत नाही. वाईटपणा न येता चांगलं काम होत असेल तर ते करायला तो नेहमीच तयार होता.

तो दरबारात गेला. त्याने सगळं सांगायला सुरुवात केली. हौद आहे, हौदात मासोळी आहे, तिच्यासाठी कारंजं केलं, इथपर्यंत तो आला आणि महाराजांनी पंजा वर केला.

"आमच्या राज्यात कारंजं आहे?"

"आहे महाराज. पण त्याचं पाणी..."

"आणि आम्हीच पाहिलेलं नाही?"

 विश्वासरावांनी केसोबाकडे असं पाहिलं की त्याचं पुढचं वाक्य राहूनच गेलं. महाराजांनी स्वतः येण्याचं ठरवलं. केसोबा घरी आला. रुपाने विचारलं, सांगितलंत का? तो म्हणाला, महाराज स्वतः येणार आहेत. ती म्हणाली, बरं झालं, डोळ्यांनी बघतील. तिला खरंच बरं वाटलं. पिल्लांना तिने सांगितलं की आता फार दिवस नाहीत, सगळं ठीक होईल.

महाराज यायच्या दिवशी जंगलातलं झाडून सगळं हजर होतं. हौदाभोवती पानांची तोरणं लागली. महाराजांसाठी उंच शिळा पुसून ठेवली. महाराज आले, बसले, आणि विश्वासरावांनी प्रास्ताविक केलं. प्रास्ताविक चालू असताना पाणी उडतच होतं. उन्हाचा भर होता, पंप जोरात होता, आणि हौदात आता एका कोपऱ्यात थोडं पाणी उरलं होतं. पंप त्यातच होता, आणि रुपाही तिच्या पिल्लांसह त्यातच होती.

महाराज वाईट नव्हते, मुलांनो. हे मला मुद्दाम सांगायचं आहे. त्यांनी वाकून हौदात पाहिलं, त्यांना मासोळी दिसली, आणि ते प्रेमाने म्हणाले, "तुझ्यासाठी हे कारंजं केलं असं ऐकतो. तू आमच्या राज्यात राहतेस. माग, काय हवं ते माग."

 रुपाने तोंड पाण्याबाहेर काढलं.

"महाराज, मला दुसरं काही नको. कॉक खाली करा. पाणी हौदातच पडू दे."

 केसोबा कॉकपाशीच उभा होता. महाराजांनी हो म्हटलं की फिरवायचा, इतका साधा प्रश्न होता. त्याने पंजा कॉकवर ठेवलाही.

महाराजांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, "ऐकलंत? आम्ही हिला हवं ते मागायला सांगितलं. हिने वतन मागितलं नाही, पद मागितलं नाही. म्हणते, पाणी हौदातच पडू दे. केवढा हा साधेपणा. तुमच्यापैकी कोणी असं मागितलं असतं?"

कोणीच मागितलं नसतं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मैनाक्कांनी डोळे पुसले. दौलतरावांना त्यांच्या आजीची आठवण झाली.

विश्वासराव पुढे झाले. म्हणाले, महाराज, अशी विभूती आपल्या हौदात राहत होती आणि आपण रानगवे, सांबरं, माकडं सगळ्यांना मान दिला. हिला दिला नाही. ही आपल्या सगळ्यांची चूक आहे. ती आजच दुरुस्त व्हायला हवी. हिचा इथेच सत्कार करू, आणि हिच्या मानासाठी कारंजं आजवर कोणासाठी उडालं नाही एवढं उडवू.

टाळ्यांचा कडकडाट झाला. महाराजांनी मान डोलावली.

"केसोबा," विश्वासराव म्हणाले, "कॉक पूर्ण सोडा."

केसोबा हलला नाही. त्याचा पंजा कॉकवर होता आणि तो रुपाकडे बघत होता. तीही त्याच्याकडेच बघत होती. एकदा खाली फिरवला असता तर काम झालं असतं. पुढे काय व्हायचं ते झालं असतं.

विश्वासराव त्याच्या कानाशी आले. "विचार कसला करता? हा मान दुसऱ्या कोणाचा नाही, तुमच्या बहिणीचा आहे. सगळ्यांसाठी वर केलात आणि तिच्यासाठीच खाली करणार? लोक काय म्हणतील?"

केसोबाने वर पाहिलं. सगळं जंगल त्याच्याकडे तोंड करून बसलं होतं. एवढी तोंडं त्याने एका वेळी कधी पाहिली नव्हती. ती वळली तर काय, एवढंच त्याच्या मनात आलं. आणि त्याने कॉक फिरवला. वर.

पाणी वडाच्या शेंड्यावर गेलं. वाऱ्याने ते पसरवलं, त्यात रंग दिसले, पोरं नाचायला लागली. दौलतराव भिजले आणि खुश झाले. महाराजांच्या आयाळीवर तुषार पडले तेव्हा जयजयकार झाला. सगळं पाणी गवतावर पडलं. आणि मग पंपाने हवा ओढली. तो खरखरला, किंचाळला, त्यातून जळका वास आला आणि तो कायमचा बंद पडला.

कारंजं थांबलं. लोकांना वाटलं, मानवंदना संपली. पुन्हा टाळ्या झाल्या आणि भाषणं सुरू झाली.

केसोबा हौदात उतरला. खाली चिखल होता. चिखलात पिल्लं उड्या मारत होती, पण खेळताना मारायची तशा नव्हेत. तो रुपाकडे गेला. तिने कसंबसं म्हटलं, "आधी पिल्लांना न्या."

कातळाच्या एका खोबणीत थोडं पाणी साचलं होतं. केसोबाने ते तोंडात भरलं, पिल्लं हलकेच जिभेवर घेतली, ओठ मिटले आणि तो नदीच्या डोहाकडे पळत सुटला. डोह टेकडीपलीकडे होता. वाटेत उशिरा निघालेली जनावरं भेटली. कोणी म्हणालं, काय केसोबा, कार्यक्रम मोठा झाला म्हणे. कोणी म्हणालं, अभिनंदन. केसोबाला बोलता येत नव्हतं. तोंड उघडलं असतं तर पाणी सांडलं असतं. मानही हलवायची सोय नव्हती. तो तसाच पुढे गेला. मागे जनावरं एकमेकांकडे बघत राहिली. महाराज घरी आले आणि हा आता साधी ओळखही देत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

डोहात त्याने तोंड उघडलं. काही पिल्लं पोहत गेली. काही तरंगत राहिली. तो बघायला थांबला नाही. तोंडात पाणी भरून तो तसाच माघारी धावला.

इकडे सत्कार रंगात आला होता. रुपाला चिखलातून उचलून पुसलेल्या शिळेवर ठेवण्यात आलं होतं, म्हणजे सगळ्यांना दिसावी. महाराजांनी स्वतःच्या हाताने तिच्या अंगावर सागाच्या पानाची शाल पांघरली. शेजारी नारळ ठेवला. विश्वासराव म्हणाले, सत्कारमूर्तींनी दोन शब्द बोलावेत.

रुपा तोंड उघडत होती आणि मिटत होती. उघडत होती आणि मिटत होती. आवाज येत नव्हता. गर्दी कान देऊन वाट बघत राहिली.

"बाई भारावून गेल्या आहेत," विश्वासराव म्हणाले. "त्यांना शब्द सुचत नाहीत."

त्या दिवसातल्या सगळ्यात मोठ्या टाळ्या तेव्हा झाल्या. मैनाक्का तर उभ्या राहिल्या.

केसोबा पोचला तेव्हा आभारप्रदर्शन चालू होतं. महाराजांचे आभार झाले, बगळ्याचे तांत्रिक सल्ल्याबद्दल झाले, तोरणं लावणाऱ्या माकडांचे झाले. केसोबा गर्दीतून वाट काढत शिळेपाशी गेला. त्याने शाल बाजूला केली. तोंडातलं सगळं पाणी तिच्यावर सोडलं. रुपाने तोंड उघडलं नाही. त्याने पंजाने तिला हलवलं, हळूच, जसं तो पाणी ढवळायचा तसं. मग त्याला कळलं.

"ती गेली," तो म्हणाला.

"हळू बोला," विश्वासराव म्हणाले, "आता तुमचेच आभार आहेत."

केसोबाने रुपाला उचललं आणि नदीवर नेलं. तिथे त्याने तिचं काय केलं, ते मी सांगणार नाही. तो त्याचा आणि तिचा प्रश्न आहे.

तो घरी परतला तेव्हा त्याच्या दाराशी पाठी लागल्या होत्या. आभार चालू असताना मधेच उठून गेला म्हणून विश्वासराव बसले होते. पंप बंद पडल्यामुळे पोरांना कारंजं आणखी बघायला मिळालं नाही म्हणून मैनाक्का बसल्या होत्या. वाटेत ओळख दिली नाही म्हणून बरेच जण बसले होते. ज्याला भिऊन त्याने कॉक खाली केला नाही, ते सगळं झालंच होतं. केसोबा त्यांच्यामधून चालत आत गेला आणि कोरड्या हौदाकडे तोंड करून बसला. तो रडत होता. पण त्याला काय झालं, असं कोणी विचारलं नाही, कारण तिथे बसलेल्या सगळ्यांनी त्याच्याकडे पाठ केलेली होती.

डोहातली पिल्लं मोठी झाली, असं म्हणतात. त्यांच्याकडे कोणी गेलं आणि काही हवं का असं विचारलं, की ती खोल बुडी मारतात.

तात्पर्य: मुलांनो, तहानलेल्याने पाणी मागितलं तर त्याला पाणी देत बसू नये. त्याचा मोठा सत्कार करावा. सत्कार नीट झाला तर तो पुन्हा पाणी मागत नाही.